भेडाघाटची सहल : कंपनीच्या गाडीने की आपले आपण?

जबलपूरच्या रेल्वे स्थानकापलीकडे, घमापुराच्या अंगास कांचघर नावाची वस्ती आहे. आमच्या मावशीचे घर तेथे असल्यामुळे ह्या नगराशी आमचा घरोबा जुना. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे नोकरीधंद्याच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली आणि त्यांच्या बोलण्यात नागपुरी व हिंदी अशा दोन्ही छटा उतरल्या. अशा घरी पाहुणा उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर एक प्रश्न हटकून पुढे येतो : भेडाघाटास जावयाचे ते सहल-कंपनीच्या गाडीने, की आपले आपण?

प्रश्न किरकोळ वाटतो. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे, मामला एका दिवसाचा. परंतु काही वर्षांपूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही घाईने दिले आणि त्याची रुखरुख अद्याप गेलेली नाही.

त्या खेपेस वडील बरोबर होते. कंपनीच्या गाडीत आम्हांस खिडकीजवळच्या जागा मिळाल्या, गाडी वेळेवर सुटली, मार्गदर्शकही गोड बोलणारा होता. तक्रारीस जागा म्हणून नव्हती. मदनमहालचा गोंडकालीन किल्ला, त्याच्या पायथ्याची संतुलित शिला, धुवांधार धबधबा, संगमरवरी कड्यांमधून नौकाविहार आणि शेवटी चौसष्ट योगिनींचे देऊळ, एवढे सारे एका दिवसात बसविलेले होते. वडिलांना पाहावयाचे होते ते हे देऊळ. त्यासाठी टेकडीच्या शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात, आणि वडिलांचे गुडघे दुखत असत. दर दहा-बारा पायऱ्यांवर ते टेकत. निम्म्यावर पोहोचतात न पोहोचतात तोच खालून गाडीचा भोंगा वाजू लागला. “राहू दे, पुढच्या खेपेस पाहू,” असे म्हणून ते वळले. पुढची खेप त्यांच्या नशिबी नव्हती.

ह्यात दोष गाडीवाल्याचा म्हणावा, तर चाळीस माणसांचा दिवस त्याने एका माणसासाठी का थांबवावा? अशा सहलींचा जन्मच मुळी वेळापत्रकातून झालेला आहे. १८४१ च्या जुलैमध्ये टॉमस कुक ह्या इंग्रज गृहस्थाने लेस्टरहून लफबरो येथील मद्यपानबंदीच्या सभेस सुमारे पाचशे माणसे खास आगगाडीने नेली व त्याच दिवशी परत आणली. भाडे माणशी एक शिलिंग. एकट्यादुकट्यास जे परवडत नाही ते समुदायास परवडते, हे त्याने दाखवून दिले, आणि ते आजही खोटे ठरलेले नाही. एकटा प्रवासी, परभाषेच्या मुलखात आलेले कुटुंब, सायंकाळी परतीचे वाहन मिळेल की नाही ह्या काळजीने अर्धा दिवस घालविणारी माणसे, ह्या सर्वांनी कंपनीच्या गाडीने खुशाल जावे. मात्र तिकीट काढण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : प्रत्येक ठिकाणी गाडी किती वेळ थांबणार, आणि नौकाविहार चालू आहे काय? पावसाळ्यात नर्मदेस पूर आला म्हणजे नावा बंद असतात, आणि धुवांधारचा धबधबाही पुरात बुडून जातो.

यंदा आई बरोबर होती. चहाच्या वेळी मावशीने विचारले, “कंपनीच्या गाडीनं जाऊन राहिले का पुन्हा?” आई काही बोलली नाही. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन दिवसभराकरिता एक रिक्षा ठरवून आलो.

आपले आपण जाणे म्हणजे वाटाड्यावाचून जाणे, अशी एक समजूत आहे. ती भेडाघाटी तरी धोक्याची ठरेल. तेथील कड्यांवर मधमाश्यांची मोठमोठी पोळी लोंबत असतात. कॅप्टन फॉर्सिथ ह्यांनी १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात नमूद केले आहे की, रेल्वेच्या कामावरील दोन इंग्रज अभियंत्यांवर येथे माश्या तुटून पडल्या व त्यांपैकी एक जण पाण्यात बुडून मरण पावला. कोठे गप्प बसावे, कोठे बिडीसुद्धा पेटवू नये, हे नावाडी जाणतो. शिवाय त्याच्याएवढा रंगेल मार्गदर्शक कोणत्याही कंपनीपाशी नसेल. वल्ही मारता मारता यमके जुळवीत तो कड्यांचे रंग दाखवितो, माकडे ह्या काठावरून त्या काठावर उडी मारीत अशी ख्याती असलेली ‘बंदरकूदनी’ची अरुंद जागा दाखवितो, कोणत्या खडकाजवळ कोणत्या चित्रपटाचे चित्रण झाले तेही सांगतो. त्याची सगळीच माहिती खरी मानू नये. पण ऐकावी जरूर.

जाताना वाटेत तेवर लागते. प्राचीन त्रिपुरी ती हीच, कलचुरी राजांची राजधानी. १९३९ साली सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली जबलपूरजवळ भरलेल्या काँग्रेस अधिवेशनास हिचेच नाव मिळाले होते. मागील खेपेस आमची गाडी येथून भरधाव गेली होती. ह्या वेळी आम्ही तासभर थांबलो, आणि त्याची किंमतही मोजली : धुवांधारवर ऊन चढले, मदनमहाल तर राहूनच गेला. संतुलित शिला १९९७ च्या भूकंपातही ढळली नाही म्हणतात, तेव्हा ती आणखी एखादे वर्ष आमची वाट पाहील, असे म्हणून मी समाधान मानले. मुलगा मात्र फुरंगटून बसला.

देवळाच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. आईने चढावयास पाऊण तास घेतला. मध्ये दोनदा पाणी प्याली, एकदा नुसतीच नदीकडे पाहात बसली. दहाव्या शतकातील हे कलचुरींचे देऊळ वर्तुळाकार आहे. भोवती ओवरी, मधले अंगण आकाशास उघडे, आणि त्यात गौरीशंकराचे मंदिर. ओवरीतील बहुतेक मूर्ती भग्न आहेत, तरी त्यांचे बसणे, त्यांचे अलंकार अजून नजर धरून ठेवतात. तेथील एका वृद्ध वाटाड्याने थोड्याशा पैशात प्रत्येकीपुढे उभे राहून माहिती सांगितली. आई त्याच्यामागून प्रत्येक कोनाडा मोजीत चालली होती. फेरी पुरी झाल्यावर ती गौरीशंकरापुढे टेकली.

“चौसष्ट म्हणतात, आणि भरतात एक्याऐंशी,” ती म्हणाली. “ह्यांना सांगायला हवं होतं.”

मग आणखी काही वेळ ती तशीच बसून राहिली. खाली रिक्षावाला पायरीवर शेंगा सोलीत बसला होता. आम्ही कांचघरास परतलो तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता आणि मावशी भाताचे पातेले दुसऱ्यांदा चुलीवर ठेवीत होती.