आयरिश कुलवृत्तांताची साधने : अभिलेख आणि डी.एन.ए.

प्रस्तावना :

आयर्लंडमधील एखाद्या घराण्याचा पूर्ववृत्तांत शोधणाऱ्या अभ्यासकाची वाट बहुधा ३० जून १९२२ या दिवसापाशी येऊन अडते. यादवी युद्धाच्या आरंभी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयीन वास्तूच्या आवारातील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात व आगीत नष्ट झाले आणि कित्येक शतकांची कागदपत्रे भस्मसात झाली. या हानीमुळे सामान्य आयरिश कुटुंबांची वंशावळ शोधणे अशक्य आहे, असा समज रूढ झाला. दुसरीकडे, डी.एन.ए. चाचणीच्या प्रसारानंतर कागदपत्रांची आता गरजच उरली नाही, असा उलट टोकाचा समज पसरू लागला. हे दोन्ही समज कितपत टिकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय केवळ हौशी संशोधकांचा नाही. आपली जन्मदाती कोण, ही माहिती ज्यांच्यापासून दीर्घकाळ दडवून ठेवली गेली, अशा असंख्य आयरिश व्यक्तींच्या दृष्टीने तो स्वतःच्या ओळखीचा प्रश्न आहे.

जळालेले व उरलेले अभिलेख :

सर्व दोष १९२२ च्या आगीला देणे न्याय्य ठरणार नाही. १८२१, १८३१, १८४१ व १८५१ या जनगणनांची कुटुंबनिहाय पत्रके, काही तुटक अवशेष वगळता, त्या आगीत गेली हे खरे. परंतु १८६१ व १८७१ ची पत्रके आकडेवारी काढून झाल्यावर शासनानेच नष्ट केली होती. तर १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईमुळे लगद्यासाठी देण्यात आली. म्हणजे युद्धाने जेवढे नेले, जवळजवळ तेवढेच कारकुनी निर्णयांनी नेले. १९०१ व १९११ या दोन जनगणना मात्र संपूर्ण उपलब्ध असून राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या विनामूल्य खुल्या केल्या आहेत. १९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धामुळे जनगणना झालीच नाही. त्यानंतरच्या १९२६ च्या जनगणनेवर १०० वर्षांच्या गोपनीयतेचे बंधन होते; त्याची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची.

१९११ चे पत्रक विशेष मोलाचे आहे. विवाहित स्त्रीच्या नावापुढे विवाहास किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, असे प्रश्न त्यात आहेत. शेजारशेजारच्या दोन रकान्यांतील आकड्यांचा फरक त्या घरातील बालमृत्यू सांगून जातो.

नागरी नोंदणीचा इतिहासही ध्यानात घ्यावा लागतो. कॅथलिकेतर विवाहांची नोंदणी १ एप्रिल १८४५ पासून, तर जन्म, मृत्यू व कॅथलिक विवाह यांची नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या वह्या हाच आधार. प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या वह्यांपैकी निम्म्याहून अधिक अभिलेखागारात होत्या, त्या जळाल्या. कॅथलिक वह्या मात्र त्या त्या पॅरिशमध्येच राहिल्या होत्या, म्हणून वाचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची सूक्ष्मपटावर घेतलेली छायाचित्रे जुलै २०१५ पासून खुली केली आहेत. या नोंदींत नावे पुष्कळदा लॅटिनमध्ये असल्याने घरातला जेम्स तेथे 'जेकोबस' होऊन भेटतो. बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्ममाता-पिता बहुधा नात्यातले किंवा शेजारचे असत. त्यामुळे वरवर गौण वाटणारी ही नावे दोन समनामिक कुटुंबांतील फरक ओळखण्यास उपयोगी पडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासाठी ग्रिफिथचे मूल्यांकन हे जनगणनेला पर्यायी साधन मानले जाते. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली तयार झालेली ही करआकारणीची यादी १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाली. तीत टाउनलँड या सर्वांत लहान भूविभागानुसार जमीन वा घर धारण करणाऱ्याचे नाव मिळते; बायकामुलांची नावे मात्र मिळत नाहीत. आयर्लंडमध्ये असे ६० हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. पूर्वजाच्या टाउनलँडचे नाव हाती लागले की निम्मे काम झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे नाव अनेकदा आयर्लंडबाहेरच सापडते. १८४५ नंतरच्या महादुष्काळात सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले आणि त्याहून अधिक देशोधडीला लागले. त्यांच्या मूळ गावाची नोंद अमेरिकेतील चर्चच्या वहीत, थडग्याच्या शिळेवर वा सैनिकाच्या भरतीपत्रकात असू शकते. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. त्यामुळे एखाद्या आयरिश घराण्याचा तुटलेला दुवा मुंबई इलाख्याच्या नोंदींत मिळणे अशक्य नाही.

निवृत्तिवेतनाने वाचवलेली जनगणना :

या संदर्भात एका प्रशासकीय योगायोगाचा उल्लेख आवश्यक आहे. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरजूंना जानेवारी १९०९ पासून वृद्धत्व निवृत्तिवेतन मिळू लागले. परंतु १८६४ पूर्वी जन्मलेल्यांपाशी जन्मदाखला कोठून असणार? तेव्हा अर्जदाराने आपले आई-वडील व टाउनलँड यांची नावे कळवावीत आणि कारकुनाने १८४१ वा १८५१ च्या जनगणनेत ते कुटुंब शोधून वय पडताळावे, अशी पद्धत पडली. मूळ पत्रके पुढे जळाली. शोधाचे अर्ज व त्यांवरील कारकुनांचे शेरे मात्र राहिले. नष्ट झालेल्या जनगणनेतील हजारो कुटुंबे अशा रीतीने या अर्जांतून आज भेटतात. १९०१ ते १९११ या दहा वर्षांत अनेक व्यक्तींचे वय पंधरा-वीस वर्षांनी वाढलेले दिसते, त्याचा संबंधही या निवृत्तिवेतनाशी जोडला जातो. तथापि त्यास केवळ लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ज्या समाजात जन्मतारीख लिहिलीच जात नव्हती, तेथे वय हा अंदाजच असतो. अभ्यासकाने दोन्ही जनगणनांतील वयाकडे साशंकतेने पाहावे, एवढे खरे.

डी.एन.ए. चाचणीचा आवाका :

वंशशोधासाठी तीन प्रकारच्या चाचण्या वापरल्या जातात. वाय-गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते, म्हणून ते आडनावाला समांतर चालते. कॅव्हन परगण्यात 'लोहाराचा पुत्र' अशा अर्थाच्या मॅक गॉवन या गेलिक आडनावाचे भाषांतर होऊन 'स्मिथ' झाले. असा स्मिथ मूळचा गेलिक की इंग्लंडहून आलेला, हे कागद सांगत नाही. वाय-गुणसूत्राच्या तुलनेतून मात्र त्याचा माग लागू शकतो. मायटोकाँड्रियातील डी.एन.ए. केवळ मातृवंश दाखवतो. तिसरी चाचणी उरलेल्या बावीस गुणसूत्र-जोड्यांची असून ती सर्व शाखांतील नातेवाईक दाखवते. बाजारात सर्वाधिक खप तिचाच आहे.

वाय-गुणसूत्राच्या अभ्यासातील एक उदाहरण सावधगिरी शिकवणारे आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, आयर्लंडमधील सुमारे बारा पुरुषांपैकी एकाचे, तर वायव्य भागात पाचांपैकी एकाचे वाय-गुणसूत्र एकाच पितृवंशाकडे निर्देश करते. हा वंश पाचव्या शतकातील मानल्या गेलेल्या 'नऊ ओलिसांचा' नायल या राजाशी जोडला गेला आणि अनेकांनी आपण राजवंशी असल्याचे जाहीर करून टाकले. पुढील अभ्यासांत हे उत्परिवर्तन नायलच्या काळाहून जुने असल्याचे अंदाज पुढे आले. समान पूर्वज आहे, एवढेच गुणसूत्र सांगते. त्या पूर्वजाचे नाव सांगणे त्याच्या आवाक्यातले नाही.

तिसऱ्या चाचणीची मर्यादा गणिती आहे. सख्ख्या चुलत वा मावस भावंडांत सरासरी १२.५ टक्के डी.एन.ए. सामाईक असतो. ज्यांचे खापरपणजोबा एकच, अशा भावंडांत तो १ टक्क्याहूनही कमी उरतो. आणखी एक पिढी मागे गेल्यास प्रत्यक्ष नाते असूनही मोजता येण्याजोगा एकही सामाईक खंड न आढळणे सर्रास घडते. आज साठीत असलेल्या व्यक्तीचे खापरपणजोबा साधारण दुष्काळाच्या सुमारास जन्मलेले असतात. म्हणजे कागद जेथे विरळ होतो, जवळपास तेथेच डी.एन.ए.चा पुरावाही क्षीण होतो, ही गोष्ट जाहिरातींत कोणी सांगत नाही. शिवाय लहान वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या आपसांत विवाह झाले असल्यास नाते आहे त्याहून जवळचे भासते. 'अमुक टक्के आयरिश' हे कंपन्यांचे उत्तर तर त्यांच्या संदर्भसंचावर अवलंबून असल्याने वेळोवेळी बदलते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयरिश डी.एन.ए. ॲटलास' या संशोधनाने मात्र वेगळा मार्ग स्वीकारला. ज्यांची आठही पणजोबा-पणजी मंडळी एकमेकांपासून सुमारे ५० किलोमीटरच्या परिघात जन्मली, अशाच व्यक्ती त्यात निवडल्या गेल्या. जुन्या प्रांतांशी मिळतेजुळते समूह त्यांच्या डी.एन.ए.मध्ये आढळले. येथे डी.एन.ए.ला अर्थ आला तो आधी कागदोपत्री वंशावळ सिद्ध केल्यामुळे, हे नोंदवण्यासारखे आहे.

खोटा कागद आणि नसलेला कागद :

आजवर हरवलेल्या कागदाचा विचार झाला. परंतु कागद उपलब्ध असून तो खोटा असेल तर? अविवाहित मातांची मुले दत्तक देताना, दत्तक घेणाऱ्या दांपत्याच्याच पोटी ती जन्मली अशी बेकायदा नोंद केल्याची १२६ प्रकरणे आयरिश शासनाने २०१८ मध्ये जाहीर केली. ही सर्व एकाच दत्तकविधान संस्थेची होती. अशा व्यक्तीने जन्मदाखला काढला तर तो सुस्पष्ट, सही-शिक्क्यानिशी व पूर्णतः असत्य मिळतो. शिवाय २,००० हून अधिक मुले दत्तक म्हणून अमेरिकेत पाठवली गेली. यांतील अनेकांना आपल्या रक्ताच्या नात्याचा पहिला पुरावा चाचणीत जुळलेल्या एखाद्या अनोळखी भावंडाकडून मिळाला. २०२२ च्या जन्ममाहिती व शोध कायद्याने दत्तक व्यक्तींना आपला मूळ जन्मदाखला मिळवण्याचा हक्क दिला. तो येण्याआधीच चाचणीने गुप्ततेची भिंत पोखरली होती. याची दुसरी बाजूही आहे. एकाने नमुना दिला की ज्यांनी संमती दिलेली नाही, अशा आप्तांचीही माहिती उघड होते. २०२३ मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली आणि २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा हा प्रश्न अधिकच तीव्र झाला.

गॉलवे परगण्यातील तुआम येथील प्रकरणात दोन्ही साधने एकत्र आली आहेत. तेथे १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित माता व त्यांच्या मुलांसाठीचे निवासगृह होते. स्थानिक इतिहास अभ्यासक कॅथरीन कॉरलेस यांनी तेथे मरण पावलेल्या ७९६ मुलांचे मृत्युदाखले मिळवले. दाखल्यांत नाव, वय व मृत्यूची तारीख आहे. दफनाची नोंद मात्र कोठेच नाही. पुढे शासकीय चौकशीत त्या आवारातील भूमिगत कप्प्यांत बालकांचे अवशेष आढळले आणि जुलै २०२५ मध्ये तेथे रीतसर उत्खनन सुरू झाले. अवशेष एकमेकांत मिसळलेले, तान्ह्या मुलांचे व दीर्घकाळ मातीत राहिलेले असल्याने त्यांतून डी.एन.ए. मिळवणे अवघड आहे. मिळाला तरी तो कोणाशी तरी जुळवावा लागतो, आणि त्यासाठी सख्खी भावंडे सर्वाधिक उपयुक्त ठरतात. ती हयात असतील तर आता वृद्ध आहेत. म्हणून नातेवाइकांचे नमुने घेण्याचे काम अवशेष हाती येण्याची वाट न पाहता सुरू करण्यात आले.