‘अजून एकदा वाच’ म्हणजे अभ्यास नव्हे

‘दहा वेळा वाच, आपोआप डोक्यात बसेल.’ शिक्रापूर-सणसवाडीच्या पट्ट्यात ज्या घरात पाचवीतलं मूल आहे, तिथे हे वाक्य कानावर पडतंच. पुणे जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शिक्रापुरातच असल्यामुळे सहावीच्या प्रवेशपरीक्षेचं वारं इथे जरा जास्त. ऐंशी प्रश्न, दोन तास, शंभर गुण. जोडीला २०२५-२६ पर्यंत पाचवीची शिष्यवृत्तीही असायची. आईवडील कंपनीच्या पाळीवरून दमून येतात, मुलाच्या हातात गाइड देतात आणि वाचायला बसवतात. मूल वाचतं, ओळींवर हायलायटर फिरवतं, पुन्हा वाचतं. यातले कष्ट खरे आहेत, काळजीही खरी आहे. ती इतक्या कमी फळ देणाऱ्या पद्धतीवर वाया जाताना पाहून चीड येते, कारण ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही.

ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी पुरावा देतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. पहिल्या गटाने तो उतारा सरासरी चौदा वेळा वाचला होता, दुसऱ्याने तीन-चार वेळा. आणि ‘आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?’ असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त आत्मविश्वास होता तो चौदा वेळा वाचणाऱ्यांना.

सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. पाचव्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, डोळे सरसर धावतात आणि मुलाला वाटतं, ‘मला येतंय.’ प्रत्यक्षात त्याला ते फक्त ओळखता येत असतं. समोर दिसल्यावर ओळखणं आणि समोर नसताना आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. प्रश्नपत्रिका बहुतेक वेळा दुसरं काम मागते आणि घरी सराव होतो तो पहिल्याचा. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेतही नुसती ओळख दगा देते, कारण चुकीचे पर्यायसुद्धा ओळखीचे वाटतील असेच निवडलेले असतात.

‘पण आम्ही आदल्या रात्री वाचूनच पास झालो’ हे उत्तर ठरलेलं असतं. झाला असाल. पाच मिनिटांनंतरचा आकडा तेच सांगतो : लगेच परीक्षा असेल तर वाचन कामी येतं. मग घटक चाचणीत लिहिलेलं वार्षिक परीक्षेत कोरं का राहतं, याचं उत्तरही त्याच प्रयोगात आहे. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या. पुनर्वाचन आणि ओळी रंगवणं तळाला गेलं. वर आल्या त्या दोनच पद्धती : स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणं.

इथे कोणी म्हणेल, हे परदेशी खूळ आहे, आपल्याकडे पाठांतराचीच परंपरा. या युक्तिवादाने माझा संयम सुटतो, कारण परंपरेत जे होतं ते नीट पाहिलंच जात नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की परवचा म्हटला जायचा. पाढे, पावकी, निमकी, दिडकी सगळं तोंडाने, पुस्तकाशिवाय, रोज. अडखळलं की घरातलं मोठं माणूस दुरुस्त करायचं. म्हणजे न पाहता आठवणं, दिवसाच्या अंतराने आठवणं आणि चूक तिथल्या तिथे सुधारणं, तिन्ही गोष्टी त्यात होत्या. शाळेची पायरी न चढलेल्या वारकऱ्याला हरिपाठ येतो तोही समोर पोथी धरून नव्हे. आज गाइडातलं तयार उत्तर दहादा वाचणाऱ्या मुलाच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. परवच्याला एक मर्यादा होती, नुसते पाढे येऊन गणित समजत नाही, हे खरं. पण सात आठे छप्पन्न शोधण्यातच ज्याचं डोकं अडकून पडतं, त्याला तोंडी हिशेबाच्या पुढच्या पायरीचा विचार करायला जागा उरत नाही. मनात एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवता येतात. समज की पाठांतर, हे भांडणच खोटं आहे.

मग करायचं काय? परिसर अभ्यासाचा धडा एकदा नीट वाचून घ्या, समजलं नसेल ते समजावून सांगा. पुस्तक मिटा. वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर मुलाला आठवेल ते लिहू द्या, तोडकंमोडकं, चुकीचं, कसंही. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने त्याचं त्यालाच भरू द्या. दोन दिवसांनी पुन्हा कोरं पान, आठवड्याने पुन्हा. पहिल्या पानावर लाल शाई जास्त दिसेल. चौथ्या ओळीनंतर मूल पेन चावत छताकडे बघत बसेल. नेमक्या याच क्षणी घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘बघ, काही येत नाही तुला, परत वाच.’ कृपा करून हे म्हणू नका. ते छताकडे बघणं हाच अभ्यास आहे. आठवायला ताण पडतो म्हणूनच आठवण पक्की होते. त्या पानाला मात्र गुण देऊ नका, नाहीतर मूल चुका लपवायला शिकेल.

दुसऱ्याला शिकवणं हाही आठवण्याचाच प्रकार. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा दत्तात्रय वारे गुरुजींच्या काळात राज्यभर गाजली आणि लोक काचेच्या वर्गखोल्या पाहून ‘आपल्याकडे अशी इमारत कुठे’ म्हणत परतले. वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत गेले. त्या शाळेला २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार मिळाला. तिथली गाजलेली गोष्ट आहे विषयमित्र : मुलंच मुलांना शिकवतात. याला काच लागत नाही. सिंगापूरमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कागद न पाहता शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर चांगलं आठवत होतं. लिहिलेलं समोर ठेवून शिकवणाऱ्यांना तो फायदा झाला नाही. तेव्हा मुलाने धाकट्या बहिणीला अपूर्णांक शिकवावेत, पण वही मिटून.

आता खेळ. याबद्दल दोन उलटे गैरसमज एकाच गल्लीत नांदतात. एक म्हणजे खेळ हा वेळेचा नाश, आणि दुसरा म्हणजे मोबाइलवर ‘एज्युकेशनल’ लिहिलेला गेम दिला की अभ्यास झाला. खेळातून मूल तेवढंच शिकतं जेवढं खेळताना त्याचं डोकं करतं. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकड्यांच्या सरळ पटावर खेळवलं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका, तरी मुलांची आकड्यांची समज वाढली. तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांच्या घरांचा केला तेव्हा काही वाढलं नाही.

आपल्या घरात सापशिडी आहेच. सोंगटी सत्तावीसवर आहे आणि फाशावर चार पडले. बहुतेक मुलं ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत सरकतात. त्याऐवजी ‘अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस’ असं घरातला आकडा वाचत सरकायला लावा. शंभर घरांच्या पटावर हा फरक २०१४ मध्ये तपासला गेला आणि पुढचे आकडे म्हणणाऱ्यांनाच फायदा दिसला. मराठीत एकोणतीस, एकोणचाळीस इथे मुलं हमखास अडखळतात, म्हणून आपल्याला याची गरज अधिक.

खेळाच्या भक्तांनी दिल्लीतला प्रयोगही वाचावा. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालवाड्यांत पंधराशेहून अधिक मुलांना चार महिने गणिती खेळ खेळवले. ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत २०१७ साली आलेल्या निष्कर्षानुसार ठिपके, आकार यांची मुलांची जाण वाढली आणि टिकली, पण पहिलीतल्या शाळेच्या गणितात ती मुलं पुढे गेली नाहीत. खेळातल्या ठिपक्या-आकारांचा धागा शाळेतल्या लिहिलेल्या अंकांशी आणि चिन्हांशी जोडला गेला नव्हता. तो जोडावा लागतो, आपोआप जुळत नाही.

‘नव्वद टक्के पाड, सायकल घेतो’ या आमिषाबद्दल थोडं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या छोट्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्रक दिलं. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. मुळात गोडी नसलेल्या कामाला छोटं बक्षीस लावून सुरुवात करून देण्यात गैर नाही. जे काम मूल आपणहून करतं, त्याला किंमत लावू नका. आणि ‘आधी आवड लागू दे, मग येईल’ म्हणून वाटही बघू नका. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पहिली ते चौथीच्या मुलांचा मागोवा घेतला तेव्हा आधी गणित जमणं आणि मग आवड वाढणं, असाच क्रम दिसला.

बाकीचे झटपट. ‘माझा मुलगा ऐकून शिकणाऱ्यांतला, पाहून नाही’ : अशा शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरोल्ड पॅशलर यांच्या गटाने २००८ मध्येच सांगितलं. मेंदूचा दहाच टक्के भाग वापरला जातो : साफ खोटं. पहाटे चारचं पाठांतर पक्कं बसतं : मुलाची झोप पूर्ण झाली असेल तर बसेल, झोप तोडून नाही, कारण दिवसभराचं शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. बदाम खाऊ घाला, पण पोटासाठी.

आणि मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचतं म्हणून हजारो रुपये घेतात. मूल नाकाच्या कडेच्या फटीतून खाली बघत असतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने याला जाहीर विरोध केला आहे. कोणी असा वर्ग काढला तर फी भरण्याआधी पुस्तक आपल्या हातात घ्या, मुलाच्या कपाळाच्या वर धरा आणि मग वाचायला सांगा.