श्वासाचे यंत्र आणि विम्याचा कागद

व्यापारी घरांत घोरणे हा आजवर थट्टेचाच विषय राहिला आहे. प्रवासात शेजारच्या खाटेवर कोणी झोपायचे यावरून हसू उसळते आणि विषय तिथेच संपतो. दुपारी दुकानाच्या गादीवर लागणाऱ्या डुलकीलाही कोणी आजार म्हणत नाही. तिचे खापर जेवणावर, उन्हाळ्यावर किंवा वाढत्या वयावर फोडले जाते. घरातील गृहिणीला मात्र वेगळेच काही ठाऊक असते. घोरण्याचा आवाज मध्येच साफ थांबतो, खोली काही क्षण निःशब्द होते आणि मग गुदमरलेल्या माणसाने घ्यावा तसा एक मोठा श्वास ऐकू येतो. खरा धोका त्या आवाजात नसून त्या शांततेत आहे.

या विकाराला वैद्यकशास्त्रात ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो आणि दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास अडतो. रक्तातील प्राणवायू घटला की मेंदू खडबडून जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो आणि काही वेळाने तोच प्रकार घडतो. रुग्णाला सकाळी यातले काहीही आठवत नाही. आठ तास झोपूनही अंग जड का, एवढाच प्रश्न त्याला पडतो. झोपेच्या तपासणीत तासाला किती वेळा श्वास अडला किंवा मंदावला याची सरासरी काढतात. हा आकडा ५ ते १५ असेल तर विकार सौम्य, १५ ते ३० असेल तर मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र मानला जातो. औषधांना दाद न देणारा रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, पक्षाघात यांच्याशी या विकाराचा संबंध आहे. माल घेऊन रात्री स्वतः गाडी हाकणाऱ्या व्यापाऱ्याला चाकावर लागणारी डुलकी तर दुसरी संधीही देत नाही.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सीपॅप नावाचे यंत्र. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पहिला वृत्तांत १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. तत्त्व अगदी साधे आहे. नाकावर मुखवटा बसवून ठरावीक दाबाने हवा सोडायची, म्हणजे ती हवा आतून आधार देते आणि श्वासमार्ग मिटत नाही. यंत्र विकार बरा करीत नाही. ज्या रात्री लावले, त्या रात्रीपुरते काम करते. म्हणून ते घरी हवे आणि रोज हवे. आपल्याकडे स्वतः दाब जुळवून घेणारे चांगले यंत्र घ्यायचे तर साधारणपणे काही दहा हजार रुपये मोजावे लागतात. त्यावर मुखवटा, नळी आणि गाळणी यांचा आवर्ती खर्च येतो.

येथे घरातील कोणीतरी सहज म्हणते, "मेडिक्लेम आहे ना, मग काळजी कसली?" काळजी तिथूनच सुरू होते.

भारतातील नेहमीचा आरोग्य विमा रुग्णालयातील मुक्कामाभोवती रचलेला आहे. रुग्ण दाखल झाला, उपचार झाले, बिल निघाले की विम्याचे काम सुरू होते. घरी उशाशी ठेवायचे यंत्र या रचनेत बसत नाही. बहुतेक पॉलिसींच्या वगळणीच्या यादीत 'बाह्य आणि टिकाऊ वैद्यकीय उपकरणे' असे एक कलम असते आणि त्यात सीपॅपचा नामनिर्देश अनेकदा असतो. काही पॉलिसींत तर झोपेतील श्वासरोधाचा उपचारच वगळलेला आढळतो. रुग्णालयात दाखल असताना हे यंत्र लावले, तर विमा नियामकाने ठरवून दिलेल्या यादीनुसार त्याचा आकार उपचाराच्या खर्चातच सामावलेला धरायचा असतो. रुग्णालयाने तो वेगळा लावणे अपेक्षित नाही. तपासणीचीही तीच गत. केवळ निदानासाठी घेतलेला प्रवेश हे नियामकाच्या प्रमाणित वगळण्यांपैकी एक आहे. झोपेची चाचणी करण्यासाठी एक रात्र रुग्णालयात काढली, तर निव्वळ त्या रात्रीचा दावा सहसा मंजूर होत नाही.

याच प्रमाणित वगळण्यांत एक विसंगती आहे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च सामान्यतः वगळलेला असतो. पण शरीरवस्तुमान निर्देशांक ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ किंवा अधिक असून सोबत काही गंभीर विकार असतील आणि साधे उपाय निष्फळ ठरले असतील, तर ही वगळणी लागू होत नाही. त्या गंभीर विकारांच्या छोट्या यादीत तीव्र स्लीप ॲप्नियाचे नाव आहे. म्हणजे पोटावर शस्त्रक्रिया करण्याइतका हा विकार गंभीर, हे कागदाला मान्य आहे. मात्र शस्त्रक्रियेहून कितीतरी स्वस्त असलेल्या यंत्राला तोच कागद दार बंद करतो. हिशेब जाणणाऱ्या माणसाला हे गणित उलटे वाटावे, आणि ते आहेही उलटेच.

सर्वत्र असे नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तिवेतनधारकांना सीजीएचएस योजनेतून, तज्ज्ञांची शिफारस आणि चाचणीचा अहवाल असल्यास, ठरावीक मर्यादेपर्यंत यंत्राची भरपाई मिळते. घरात असा कोणी सदस्य असेल तर यंत्र खरेदी करण्याआधी पूर्वपरवानगीची पद्धत विचारून घ्यावी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडून आईवडील जे ऐकतात, तेही खरे आहे. तेथील ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत सीपॅपचा समावेश आहे, पण त्याला अट आहे. आरंभीच्या तीन महिन्यांत, सलग तीस दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान चार तास यंत्र वापरल्याची नोंद दाखवावी लागते. यंत्र प्रथम भाड्याने मिळते आणि तेरा महिने भाडे भरल्यावर रुग्णाच्या मालकीचे होते. पैसे देणारा वापराचा हिशेब मागतो, ही रीत व्यापाऱ्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडे ज्या थोड्या वाटा आहेत, त्या शोधाव्या लागतात. अलीकडच्या मोजक्या योजनांत टिकाऊ उपकरणांचे संरक्षण असते, बहुधा जादा हप्ता घेऊन आणि ठरावीक मर्यादेत. काहींत बाह्यरुग्ण खर्चाची तरतूद असते. तिच्यातून निदान तज्ज्ञांची भेट आणि चाचणी यांचा भार हलका होऊ शकतो. खरी संधी मात्र समूह विम्यात आहे. व्यापारी संघटना किंवा पेढी जेव्हा सभासदांसाठी अथवा नोकरमाणसांसाठी एकत्रित पॉलिसी घेते, तेव्हा तिच्या अटी छापील नसतात. त्या घासाघीस करून ठरतात. नूतनीकरणाच्या बैठकीत हप्ता किती वाढला यावर तासभर चर्चा होते, पण उपकरणांचे कलम घालून घ्या, असे सुचवणारा क्वचितच भेटतो. एवढ्या सभासदांत या विकाराचे रुग्ण असणारच. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतातील कार्यवयीन लोकसंख्येत सुमारे दहा कोटी लोकांना हा विकार असावा.

दावा करायचाच असेल तर कागद चोख हवेत. आकडे स्पष्ट असलेला चाचणीचा अहवाल, तज्ज्ञाने यंत्राचा प्रकार, दाब आणि कारण लिहून दिलेली चिठ्ठी, आणि यंत्राच्या अनुक्रमांकासह रुग्णाच्या नावाचे पक्के बिल. या शेवटच्या मुद्द्यावर व्यापारी घरे हमखास घसरतात. बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घेतले की कर वजा मिळेल, असा हिशेब मनात असतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर ती वजावट कायद्याने मिळत नाही, आणि बिलावर रुग्णाचे नाव नसल्याने विम्याचा दावाही हातचा जातो. साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा आरोग्य विमाच नसेल, तर आयकराच्या जुन्या प्रणालीत कलम ८०-डी खाली त्यांच्या वैद्यकीय खर्चासाठी वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. पैसे मात्र रोखीने दिलेले चालत नाहीत. यंत्राचा खर्च त्यात धरता येईल का, हे आपल्या सीएला आधी विचारावे.

यंत्राचे पैसे मिळाले नाहीत म्हणून कोणाचे घर बुडत नाही. घर बुडते ते दुसऱ्याच चुकीने. चाचणी केली तर विकार नोंदला जाईल, मग हप्ता वाढेल, नवी पॉलिसी मिळणार नाही. या भीतीने अनेक कुटुंबे चाचणीच टाळतात. काहींचा अहवाल कपाटात असतो आणि प्रस्तावाच्या अर्जावर मात्र सर्व रकान्यांत 'नाही' लिहिलेले असते. कधी एजंटच सांगतो, की एवढ्याशा गोष्टीचा उल्लेख नको. मग पुढे हृदयविकाराचा झटका येतो, काही लाखांचे बिल होते, कंपनी जुनी कागदपत्रे मागवते आणि त्यांत तो झोपेचा अहवाल सापडतो. यंत्राचे काही हजार वाचवण्याचा प्रश्न तेव्हा उरत नाही. माहिती दडवल्याच्या कारणावरून सारा दावा आणि प्रसंगी सारी पॉलिसी पणाला लागते.

नियम तेवढे निर्दयी नाहीत. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार, पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार सुचवला गेलेला आजार 'आधीचा' समजला जातो, आणि त्याच्यासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिनेच ठेवता येतो; पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असे. उघड केलेला आजार कंपनीने स्वीकारला की त्या मुदतीनंतर त्याच्या आधारे दावा अडवता येत नाही. पॉलिसीतील कायमच्या वगळण्या मात्र तशाच राहतात. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडल्यास, माहिती दिली नाही या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. पाच वर्षे गप्प बसले की सुटलो, असा याचा अर्थ काही चतुर लोक लावतात. जाणूनबुजून 'नाही' लिहिणे फसवणुकीत मोडू शकते, आणि झटका पाच वर्षे थांबेल याची हमी कोणतीच कंपनी देत नाही.

दावा नाकारला गेला तर तोंडी उत्तरावर थांबू नये. नकार लेखी हवा आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली तो दिला, हे त्यात नमूद असले पाहिजे. नियामकाने २०२४ च्या परिपत्रकात कंपन्यांना तसे बंधन घातले आहे. ते कलम आपल्या पॉलिसीत खरोखर आहे का, हे स्वतः वाचून पाहावे. असेल तर वाद घालण्यात वेळ दवडू नये. नसेल, किंवा शब्द संदिग्ध असतील, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

हे सारे चालू असताना उपचार थांबता कामा नये. पुष्कळ ठिकाणी यंत्र महिन्याच्या भाड्याने मिळते. मुखवटा नाकावर मानवतो का, दाब सोसतो का, हे कळेपर्यंत भाड्यानेच घेणे शहाणपणाचे. हौसेने विकत आणून आठ दिवसांत कपाटात ठेवलेली यंत्रे थोडी नाहीत. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून चुकीच्या मापाच्या मुखवट्याचा असतो. कडेने हवा निसटते, डोळे कोरडे पडतात आणि रुग्ण वैतागतो. दुसरा मुखवटा लावून पाहिला की तोच माणूस शांत झोपतो. वापरलेले यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेताना विशेष सावध राहावे. २०२१ मध्ये एका मोठ्या उत्पादकाने आतील आवाजरोधक फेस झिजण्याच्या कारणाने जगभरातून लाखो यंत्रे परत मागवली होती. अनुक्रमांक तपासल्याशिवाय असा व्यवहार करू नये, आणि मुखवटा व नळी तर नेहमी नवीच घ्यावी.

जैन घरांसाठी एक बारीक सूचना. यंत्राच्या आर्द्रता देणाऱ्या भांड्यात डिस्टिल्ड पाणी घालायचे असते. घरात पिण्यासाठी उकळून गाळलेले पाणी तयार असते म्हणून तेच ओतले जाते. पण उकळल्याने पाण्यातील क्षार जात नाहीत, उलट तळाशी साचून भांडे खराब होते. दररोज सकाळी उरलेले पाणी टाकून भांडे धुऊन कोरडे करावे. यात्रेलाही यंत्र सोबत न्यावे. विमानात ते सामानाच्या गाडीत न देता हाताशी ठेवावे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत पिशवीत असावी. आणि शिखरजी किंवा पालिताण्याच्या धर्मशाळेत खोली ठरवताना खाटेजवळ विजेचे बटण आहे का, रात्री वीज जाते का, एवढे आधीच विचारून घ्यावे. जात असेल तर यंत्राला जोडता येणारी बॅटरी मिळते.