संगणक-जाळ्यांतील नियंत्रण आणि अधिकारांची वाटणी

विद्यापीठे, रुग्णालये, बँका आणि शासकीय कार्यालये यांचे दैनंदिन व्यवहार आज संगणकांच्या जाळ्यांतून चालतात. अशा जाळ्यात कोणी कोणाशी संपर्क साधावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. रुग्णांच्या नोंदी परक्याच्या हाती पडणे, किंवा नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यास कार्यालयाचे दप्तर खुले राहणे, हे ढिलाईचे परिणाम होत.

केंद्रीय नियंत्रक

पूर्वापार पद्धतीत प्रत्येक स्विच व राउटर आपल्यापुरता निर्णय घेतो. परवानगीचे नियम अनेक यंत्रांवर निरनिराळे लिहावे लागतात. एखादे यंत्र नजरेतून सुटले की तेथून वाट मोकळी राहते. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्टिन कसाडो, निक मॅकिओन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ईथेन’ ही रचना सिद्ध केली. तिची माहिती २००७ साली प्रसिद्ध झाली. या रचनेत निर्णयाचे काम एका केंद्रीय नियंत्रकाकडे सोपविण्यात आले आणि स्विचकडे केवळ वाहतुकीचे काम राहिले. संपर्काचे पहिले पॅकेट नियंत्रकाकडे जाते. वापरणारा कोण, त्यास परवानगी आहे काय, हे पाहून नियंत्रक मार्ग आखतो व त्या मार्गावरील स्विचमध्ये तशी नोंद करतो. पुढील पॅकेटे पुन्हा न विचारता जातात. याच विचारातून २००८ मध्ये ‘ओपनफ्लो’ ही स्विच व नियंत्रक यांच्यातील समान भाषा पुढे आली.

विस्ताराची अडचण

विद्यापीठातील ३०० हून अधिक संगणकांवर ईथेनचा प्रत्यक्ष वापर झाला. साध्या संगणकावर चालणारा एक नियंत्रक सेकंदाला दहा हजारांहून अधिक नव्या संपर्कांचा निर्णय करू शकतो, असे दिसून आले. एका संस्थेस हे पुरेसे आहे. परंतु जाळे अनेक शहरांत पसरले की अंतर आड येते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटरवरील नियंत्रकास विचारून उत्तर मिळेपर्यंत किमान दहा मिलिसेकंद जातात. शिवाय नियंत्रक एकच असेल, तर तो बंद पडताच नवे संपर्क अडतात.

यास्तव नियंत्रक अनेक ठेवले जातात. मुख्य कोण, हे ते आपसांत बहुमताने ठरवितात. पाचांपैकी दोन बंद पडले तरी उरलेले तिघे काम चालवितात. गूगल कंपनीने २०१३ मध्ये माहिती प्रसिद्ध केलेल्या ‘बी-४’ जाळ्यात प्रत्येक केंद्रावर स्थानिक नियंत्रक असून, साऱ्या केंद्रांमधील वाहतुकीची वाटणी वरची मध्यवर्ती यंत्रणा करते. ही यंत्रणा बंद केली, तरी जुन्या मार्गपद्धतीने वाहतूक सुरू राहावी, अशी तजवीज तेथे आहे. धोरण मध्यवर्ती ठिकाणी आणि नित्याची अंमलबजावणी स्थानिक पातळीवर, हे प्रशासनातील तत्त्वच येथे उपयोगी पडले.

परवानगी मागे घेताना

मात्र अधिकार खाली वाटले की ते परत घेण्याची सोयही हवी. नियंत्रकाने परवानगी रद्द केली, तरी दूरच्या स्विचमधील जुनी नोंद पुसली जाईपर्यंत वाट उघडीच असते. म्हणून नोंदींना मुदत घातली जाते. मुदत अल्प ठेवल्यास नियंत्रकावरील भार वाढतो. दीर्घ ठेवल्यास रद्द झालेला अधिकार अधिक काळ जिवंत राहतो. रुग्णालयाच्या आणि वाचनालयाच्या जाळ्यास एकच मुदत योग्य ठरणार नाही.

नियंत्रकाचे स्वतःचे रक्षण हीदेखील तितकीच महत्त्वाची बाब होय. त्याचा ताबा ज्याच्या हाती, त्याच्या हाती संपूर्ण जाळे. स्विच व नियंत्रक यांनी परस्परांची ओळख पटविणे, त्यांच्यातील संदेश गुप्त ठेवणे, प्रत्येक प्रणालीस गरजेपुरतीच मुभा देणे आणि प्रत्येक आदेशाची नोंद राखणे, ही पथ्ये पाळली तरच केंद्रीकरणाचा लाभ पदरात पडेल.