कारागृहातील संशोधन आणि बंदिवानाची संमती

गुन्हेगारीशास्त्राचा अभ्यास केवळ ग्रंथालयात होत नाही. न्यायप्रक्रिया कोठे अडते हे जाणण्यासाठी अभ्यासकाला कारागृहात, न्यायालयात आणि वस्तीत जावे लागते. आपल्या देशात ही वाट बिकट आहे.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ अखेर भारतातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती, तर बंदिवान ५,७३,२२० होते. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही असे. आकडे मिळतात; परंतु जामीन मंजूर होऊनही एखादा आतच का राहिला, हे त्याच्याशी बोलल्यावाचून कळत नाही. आणि बोलणेच कठीण! दाटीच्या कारागृहात एकांताची खोली नसते, शिपाई कानाच्या अंतरावर उभा असतो. संशोधनासाठी सर्वसाधारणपणे प्रवेश देऊ नये, असे केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१५ मध्ये राज्यांना कळविले. त्यामुळे परवानगी हा अपवाद ठरतो.

वस्तीतही वेगळे नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर पुढे गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांत पारधी समाज होता. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी वही घेऊन आलेला परका मनुष्य तेथे आजही पोलिसांचाच वाटतो.

मात्र खरी अडचण पैशाची किंवा परवानगीची नव्हे, संमतीची आहे. ज्याला वकील नाही, ज्याची मुलाखत घ्यायला घरचे येत नाहीत (तुरुंगात ‘मुलाखत’ म्हणजे नातलगांची भेट), तो प्रश्न विचारणाऱ्यात सुटकेची आशा पाहतो. अशा होकाराला मुक्त संमती कसे म्हणावे? टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत प्रथम बंदिवानांच्या कायदेशीर साहाय्याचे व पुनर्वसनाचे काम करीत आला. माहिती त्या सेवेतून हाती आली. हा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

तुरुंग सेवाकार्यात जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील स्वयंसेवकांकडेही कधी विद्यार्थी प्रश्नावली घेऊन येतात. हेतू चांगला असला तरी ती आपल्या भेटीत नेऊ नये. प्रार्थनेसाठी आलेल्यापाशी बंदिवान जे बोलतो, ते प्रबंधासाठी बोललेले नसते. विद्यार्थ्याने वरिष्ठ कारागृह अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी, स्वतः जावे, आणि उत्तर दिल्याने वा नाकारल्याने जामिनावर काहीही परिणाम होणार नाही, हे बंदिवानाला त्याच्याच बोलीत आधी सांगावे.