वळिवात डिश का रुसते?

शिरूर तालुक्यातल्या एका वाचकाने विचारले आहे : ‘आमच्याकडे पाऊस तो केवढा! तरी मे महिन्यात वळीव कोसळला की टीव्हीवर नो सिग्नल. आता उपग्रहावरून इंटरनेट येणार म्हणतात, त्याचीही हीच गत होणार का?’ प्रश्नाला निमित्त आहे ते नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी केलेल्या इरादापत्राचे. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम हे जिल्हे आहेत. पुणे जिल्हा नाही. प्रश्न मात्र रास्त आहे.

शिरूर आणि दौंड पर्जन्यछायेत येतात. पण वर्षाच्या बेरजेशी डिशला देणेघेणे नसते; त्या दहा मिनिटांत किती जोराने पडतो, यावर सारे अवलंबून. डीटीएचच्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते. वळिवाचे टपोरे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. ३६ हजार किलोमीटर वरून निघालेला, आधीच क्षीण झालेला सिग्नल अगदी शेवटच्या टप्प्यात मार खातो.

मार खाल्लेला सिग्नल वाचता येईल की नाही, हे ठरते त्यावर माहिती कशी चढवली आहे यावरून, म्हणजेच मॉड्युलेशनवरून. दौंडसारख्या जुन्या जंक्शनांवर ज्यांनी रेल्वेचे हाताचे सिग्नल पाहिले असतील, त्यांना हे चटकन कळेल. हात आडवा असेल तर थांबा, कलला की निघा. ड्रायव्हरने दुरून फक्त कोन ओळखायचा. उपग्रहाची लहरही अशीच कोनाच्या, म्हणजे फेजच्या भाषेत बोलते. चार कोन ठेवले की क्यूपीएसके, दर खुणेला दोन बिट. आठ ठेवले की ८-पीएसके, तीन बिट. पण ९० अंशांचा फरक धुक्यातही दिसतो, ४५ अंशांचा दिसेलच असे नाही.

याहून जास्त माहिती कोंबायची तर कोनाबरोबर हाताची लांबीही बदलावी लागते. वायफायमध्ये आणि केबलवर हे सर्रास चालते. उपग्रहावर घोडे अडते ते इथेच. तिथे वीज सौरपत्र्यांवर बेतलेली, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर जवळपास पूर्ण ताकदीने चालवावा लागतो आणि मग तो सर्वांत लांब हातांना दाबून आखूड करतो. कोन त्या मानाने शाबूत राहतो. म्हणून उपग्रह टीव्हीचे डीव्हीबी-एस२ हे मानक घडवणाऱ्यांनी १६ बिंदूंची (एक बिंदू म्हणजे कोन आणि लांबीची एक जोडी) चौकोनी जाळी सोडून दोन कडी आखली : आत ४ बिंदू, बाहेर १२. जाळीत तीन लांब्या लागतात, कड्यांत दोनच भागतात. भूमितीने वीज वाचवण्याचा इतका देखणा नमुना मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

फुकट मात्र काहीच नसते. चुका दुरुस्त करण्यासाठी जोडलेले जादा बिट त्याच प्रमाणात ठेवून चारावरून सोळा बिंदूंवर गेले, तर माहिती दुप्पट जाते, पण सिग्नल सुमारे चौपट जोरकस लागतो. उलट या मानकातली सर्वांत सबुरीची पद्धत सिग्नलपेक्षा गोंगाट जास्त असतानाही वाचता येते.

हा सौदा आपल्या देशाने फार पूर्वी केला आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ प्रयोगात नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही पोचला. जमिनीवरची केंद्रे चित्र एएमवर पाठवत. इथे निवड झाली एफएमची. एफएम वारंवारितांचा पट्टा जास्त खातो, पण कमी ताकदीत स्वच्छ चित्र देतो. म्हणून तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची अँटेना पुरली. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण कार्यक्रमाची धुरा होती कोल्हापुरात जन्मलेल्या एकनाथ चिटणीसांकडे. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते पुण्यात वारले. अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतात. चिटणीसांचे नाव त्यांच्याच राज्यात सांगावे लागते, याची खंत वाटते.

आता वाचकाचे उत्तर. डीटीएच एकतर्फी असते. शिरूरला पाऊस लागला आहे हे वर कुणाला कळत नाही, आणि कळले तरी एका तालुक्यासाठी देशभराचे प्रक्षेपण बदलता येत नाही. सगळ्यांना मिळून एकच पद्धत, थोडी राखीव ताकद ठेवून. चुका दुरुस्त करणारे गणित ती राखीव संपेपर्यंत तग धरते, मग एकदम हात टेकते. म्हणून जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या न येता पडदा थेट काळा होतो.

इंटरनेट दुतर्फी असते. सिग्नल कितपत येतोय, हे डिश वर कळवू शकते आणि मग १६ बिंदूंवरून ४ वर उतरता येते. गती घटते, संपर्क टिकतो. टेक्सास विद्यापीठातल्या टॉड हम्फ्रीज यांच्या चमूने स्टारलिंकचा सिग्नल बाहेरून ऐकून त्याची रचना उकलली, तेव्हा त्यात ४ आणि १६ बिंदूंच्याच खुणा सापडल्या. शिवाय हे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात. अंतर ६५ पट कमी, म्हणजे तेवढ्याच ताकदीचा सिग्नल डोक्यावर असताना चार हजार पट जोरकस. पाऊस फारच झोडपू लागला तर तेही गप्प होईल, पण बहुधा डीटीएचच्या नंतर.

राहता राहिली या इंटरनेटची जाहिरात. तिच्यातली गती असते निरभ्र आकाशाची, तीही त्या परिसरातले गिऱ्हाईक वाढेपर्यंतची. तेव्हा घेताना कमाल गती विचारू नका. किमान विचारा, आणि लेखी घ्या.