मेंदूत नवे रोप, की जुन्यालाच फुटवे?

आषाढात कल्याणहून मुरबाडकडे निघालात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची लावणी चाललेली दिसते. महिन्याभराने तेच खाचर दाट दिसू लागते. शहरातला पाहुणा म्हणेल, "आणखी रोपं लावलीत वाटतं!" शेतकरी हसेल. रोपे होती तेवढीच आहेत. त्यांना फुटवे आलेत. एवढा फरक ध्यानात असू द्या, म्हणजे मेंदूची पुढची हकिगत समजायला सोपी जाईल.

हल्ली मोबाइलवर एक बातमी फिरत असते. एलएसडी घेतले, किंवा काही अळंब्यांत असणारे सिलोसायबिन घेतले, की म्हणे मेंदूत नव्या पेशी उगवतात आणि उदासीचा आजार पळतो! वर्गातला एखादा मोठा मुलगाही गुरुजींना हे विचारील. ज्याच्या घरात असा आजारी माणूस आहे, त्याला तर आशा वाटणारच. तेव्हा खरे काय, ते पाहिले पाहिजे.

जुन्या पुस्तकांत एक गोष्ट ठासून सांगितलेली असे, की मोठ्या माणसाच्या मेंदूत नवी मज्जापेशी तयार होत नाही. स्पेनचे थोर शास्त्रज्ञ काहाल यांचे हे मत. पुढे 1960 नंतर अमेरिकेत ऑल्टमन यांना मोठ्या उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी दिसल्या. पण बरीच वर्षे त्यांचे कुणी मनावर घेतले नाही. 1998 साली मात्र माणसाच्या मेंदूतही तशा पेशी आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्या सापडल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात. हा भाग दिसतो समुद्रघोड्यासारखा, आणि आठवणी साठवण्याच्या कामी येतो. सगळा मेंदू म्हणजे शिवार धरले, तर ही एवढीशी रोपवाटिका! 2018 साली दुसऱ्या एका गटाने मोठ्या माणसांत अशा पेशी आढळतच नाहीत असे सांगितले, आणि वाद पुन्हा पेटला.

आता या द्रव्यांनी ती रोपवाटिका फोफावते का? याचे एक उत्तर आपल्या जवळच मिळते. डोंबिवलीहून लोकलने मुंबईला उतरून पुढे कुलाब्याच्या टोकाला गेलात, की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. तिथे डॉ. विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना एलएसडी आणि त्याच प्रकारचे डीओआय नावाचे द्रव्य देऊन पाहिले. काहींना एकदाच, काहींना काही दिवस रोज. 2008 साली निष्कर्ष छापून आला. हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जन्मण्याच्या वेगात फरक पडला नव्हता. त्याआधी, 1997 साली, वैद्य आणि त्यांचे अमेरिकेतील सहकारी यांना आणखी एक मजेची गोष्ट दिसली होती. मज्जापेशींना पोसणारे एक प्रथिन आहे. ते बनवण्याचा संदेश डीओआयमुळे मेंदूच्या बाहेरच्या थरात वाढला, पण हिप्पोकॅम्पसमध्ये उलट घटला. एका खाचरात खत पडले आणि दुसऱ्यातले वाहून गेले, असाच हा प्रकार.

इतरत्रही एकवाक्यता नाही. 2013 साली अमेरिकेत सिलोसायबिनच्या मोठ्या मात्रेने उंदरांतल्या नव्या पेशी कमी झाल्या; 2020 साली माद्रिदमध्ये डीएमटी नावाच्या द्रव्याने त्या वाढल्या. मग ही बातमी निघाली कुठून? 2021 साली येल विद्यापीठात सिलोसायबिनची एकच मात्रा दिलेल्या उंदरांत, असलेल्याच पेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे सुमारे 10 टक्क्यांनी वाढले आणि त्यांतले काही महिन्याभराने टिकून होते. या काट्यांवाटेच पेशी एकमेकींशी बोलतात, म्हणून शोध मोठाच आहे. पण हे फुटवे झाले. रोप नव्हे!

गंमत अशी, की नव्या रोपांचा पुरावा साध्या गोष्टींच्या बाजूने अधिक आहे. 1999 साली फिरत्या चाकावर पळणाऱ्या उंदरांत नव्या पेशी वाढलेल्या दिसल्या. डॉक्टर नेहमी देतात त्या उदासीवरच्या गोळ्यांनीही त्या वाढतात, हे 2000 साली उंदरांतच दिसले. मात्र त्याला एक दिवस पुरला नाही, आठवडे लागले. रुग्णालाही गुण यायला आठवडेच लागतात. म्हणून चार दिवसांत गोळ्या सोडू नयेत, हे घरच्यांनी जरूर ध्यानात घ्यावे.

सिलोसायबिनचे प्रयोग परदेशी रुग्णालयांत माणसांवरही चालू आहेत, पण मात्रा मोजून, माणूस निवडून आणि शेजारी जाणकार बसवून. ज्याच्या घराण्यात वेडाचा आजार आहे, त्याला बहुधा वगळतात. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने एलएसडी आणि सिलोसायबिन बाळगणेही गुन्हा आहे.

आणखी एक सांगतो. बांधावरचा धोतरा या जातीचा नव्हेच. त्याचे विष निराळे. भ्रम होतो, ताप चढतो, प्रसंगी जीवही जातो. पावसाळ्यात रानातली अनोळखी अळंबी चाखून पाहणारेही असेच फसतात. मनाच्या आजारासाठी ठाण्यात 1901 पासून सरकारी मनोरुग्णालय आहे. तिथवर जाणे जमत नसेल तर टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येते.